चाकांवरचे घर घेऊन रेहेकुरीला

पाथर्डी तालुक्यातील ज्येष्ठांना चाकांवरचा संसार नवा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडीत भांडीकुंडी, गोधड्या आणि लेकरे घालून पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागायचे आणि पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत काढायचे, हे येथील दोन-तीन पिढ्यांनी केले आहे. ज्यांच्यावर ऊसतोडीची वेळ आली नाही, त्यांनीही लहानपणी मढीच्या यात्रेला बैलगाडीतून जाताना गाडीखालीच अंथरूण टाकलेले असते. अशी माणसे आज सत्तरी-पंचाहत्तरीत ओटा, देवघर आणि पलंग एवढ्याच परिघात फिरताना दिसतात. ‘चला, कुठेतरी जाऊन येऊ’ असे मुलांनी म्हटले, की उत्तर ठरलेले असते: ‘आता कुठे जायचे? झाले सगळे बघून.’

या उत्तरावर आपण सहसा थांबतो, थांबू नये. जरा जवळ बसून, चारचौघांत नव्हे तर एकट्याला विचारले, तर खरी कारणे हळूहळू बाहेर येतात. वाटेत लघवीला कुठे जायचे, पाठ आखडली तर कुठे आडवे व्हायचे आणि मध्येच काही झाले तर काय करायचे, या त्या तीन धास्ती असतात. यांतील पहिली सर्वांत मोठी, आणि नेमकी तीच कोणी बोलून दाखवत नाही.

कॅराव्हॅन, म्हणजे आत पलंग, लहानसे स्वयंपाकघर आणि संडासाची सोय असलेली मोठी गाडी, या पहिल्या दोन धास्तींवरचा उपाय आहे. आपल्याकडे ती श्रीमंतांची हौस समजली जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पुण्या-मुंबईकडे अशा गाड्या चालकासह भाड्याने मिळतात. मात्र तरुणांच्या दृष्टीने जी चैन, ती ज्येष्ठांच्या दृष्टीने गरज ठरू शकते, हे अजून आपल्या फारसे ध्यानात आलेले नाही. ज्याच्या जवळ संडास आहे तो पाणी पितो, आणि जो पाणी पितो त्याला प्रवास बाधत नाही. या लेखातील बरेचसे बोलणे या एका वाक्याभोवतीच फिरणार आहे.

जवळचे आणि लहान ठिकाण

पहिल्या सहलीसाठी ताडोबाचा विचार मनातून काढून टाकावा. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा विस्तार सतराशे चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. तेथे पोहोचायलाच पाथर्डीहून पूर्ण दिवस जातो. शिवाय उघड्या जिप्सीत तीन-चार तास बसणाऱ्या हादऱ्यांनी मणक्याच्या दुखण्याचे माणूस हैराण होते. त्याऐवजी आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जतपासून आठ-दहा किलोमीटरांवर रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. आपल्या एखाद्या मोठ्या गावच्या शिवारापेक्षाही ते लहान!

हा लहानपणाच ज्येष्ठांना सोयीचा आहे. येथे डोंगर चढायचा नाही, की दाट झाडीत तासन् तास वाट पाहायची नाही. गवताळ माळ, बाभूळ-बोरीची खुरटी झाडे आणि त्यांत उघड्यावर चरणारे कळप, असे हे वन आहे. मोठ्या नरांची पाठ काळीभोर, पोट पांढरे आणि शिंगे पिळाची. माद्या आणि पाडसे तांबूस-पिवळी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांनाही काळ्या-पांढऱ्याचा हा फरक दुरून कळतो. भेदरलेला कळप एकामागून एक उंच उड्या घेत निघाला, म्हणजे पाहणाऱ्याला वय विसरायला होते. शिवाय ही भूमी येथील ज्येष्ठांच्या ओळखीची आहे. ज्वारीच्या रानात शिरलेल्या हरणांना हाकललेली माणसे आपल्याच घरात असतील. ती गप्प बसून नुसती पाहणार नाहीत, सांगू लागतील. नातवंडांना माहिती सांगायला वेगळा वाटाड्या लागणार नाही.

त्याआधी एक रंगीत तालीम अवश्य करावी. पाथर्डी तालुक्यातच, घाटशिरसजवळ गर्भगिरीच्या कुशीत वृद्धेश्वर आहे. नावातच ‘वृद्ध’ असलेल्या देवाकडे पहिली खेप, हा योग मला मोठा समर्पक वाटतो. ज्या गाडीने पुढे जायचे ती, किंवा तशीच उंच गाडी घेऊन सकाळी निघावे आणि दुपारच्या जेवणाला घरी यावे. चढताना-उतरताना किती वेळ लागतो, कितव्या मिनिटाला पाठ कुरकुरते, घाटातल्या वळणांवर मळमळते का, किती वेळाने लघवीला जावे लागते, हे सारे त्या अर्ध्या दिवसात कळते. त्या नोंदी वहीत लिहून ठेवाव्यात. पुढच्या प्रवासाचे वेळापत्रक त्या नोंदींवरून करायचे आहे, नकाशावरून नव्हे.

पाणी, आणि त्यामागची लाज

आता मुख्य मुद्दा. प्रवासाला निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करणारे ज्येष्ठ आपण सर्वांनी पाहिले आहेत. ‘आजी, दोन घोट पाणी घ्या’ म्हटले, की ‘नको रे बाबा, वाटेत कुठे उतरायचे?’ असे उत्तर येते. आपणही मनातून सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण गाडी थांबवावी लागत नाही. हा सौदा महाग पडतो.

उतारवयात तहान लागण्याची जाणीवच मंदावते. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही कमी होते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने उतरतात. अशा माणसाने चार तास पाणी न पिता प्रवास केला आणि गाडीतून उतरताना चटकन उभा राहिला, की रक्तदाब एकदम खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पडणे ओघानेच आले. खुब्याचे हाड मोडण्याची कथा पुष्कळदा अशा न प्यायलेल्या पाण्यापासून सुरू होते. लघवी दाबून ठेवण्याची सवय स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाट करून देते. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांत लघवी पूर्ण तुंबण्याचा धोका असतो. संसर्ग झालेल्या वृद्धाला ताप येईलच असे नाही. एकाएकी असंबद्ध बोलणे, गळून जाणे, जेवण नको म्हणणे एवढ्याच लक्षणांनी तो प्रकट होतो, आणि आपण ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडून देतो.

म्हणून गाडीत दर तासाला अर्धा पेला पाणी, हा नियम ठेवावा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल, तर त्याच मापाने चालावे. पाणी पुरेसे जाते आहे की नाही, हे लघवीच्या रंगावरून कळते. तो फिकट असावा. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी किती वाजता घ्यायची, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. कधी कधी ते वेळ थोडी मागेपुढे करून देतात. परस्पर गोळी बंद करणे मात्र धोक्याचे आहे. ‘आज राहू दे, उद्या घेऊ’ हे वाक्य घरातल्या कोणीही उच्चारू नये.

मळमळीच्या गोळ्यांबाबतही एक इशारा द्यावासा वाटतो. गाडी लागू नये म्हणून औषधाच्या दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, भ्रम होतो, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडते. तरुण सुनेला चाललेली गोळी सासऱ्यांना चालेलच असे नाही. पुढच्या बाजूची बैठक, अर्धपोटी हलके खाणे आणि घाटात सावकाश चालवलेली गाडी यांनी बरेचसे काम भागते.

लाजेचा प्रश्न मात्र गोळीने सुटत नाही. नऊवारीतल्या आजींना मुलाच्या किंवा जावयाच्या देखत ‘थांबा’ म्हणणे जड जाते. त्यावर उपाय असा, की गाडी मागणीवरून थांबवायचीच नाही, घड्याळावरून थांबवायची. दर दीड तासाने गाडी थांबणार, सर्व पुरुष खाली उतरून चहाला जाणार आणि दहा मिनिटे गाडी स्त्रियांची असणार, हे घरातून निघण्यापूर्वीच जाहीर करावे. मग कोणाला काही मागावे लागत नाही. गाडीत संडास असणे ही सोय झाली. तो अवघडल्याशिवाय वापरता येणे ही खरी व्यवस्था. प्रौढांचे डायपर जवळ असावेत, पण आधारापुरते. ‘घातले आहे ना, मग थांबायला कशाला हवे’ असे म्हणणे म्हणजे त्या माणसाचा मान काढून घेणे होय. ओले डायपर तासन् तास राहिले, तर त्वचेला इजा होते ती निराळीच.

गाडी पाहताना

कॅराव्हॅन ठरवण्यापूर्वी छायाचित्रांवर विसंबू नये. शक्य असल्यास प्रत्यक्ष जाऊन, ज्येष्ठांपैकी एकाला सोबत घेऊन गाडी पाहावी. पहिली परीक्षा पायरीची. अनेक गाड्यांची पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच असते, की गुडघ्याची वाटी झिजलेल्या माणसाला ती चढवत नाही. मध्ये ठेवायला न डुगडुगणारे, रुंद बुडाचे लाकडी पायथे आणि दाराशी घट्ट धरता येईल असा दांडा हवा. दुसरी परीक्षा संडासाची. दार बाहेरच्या बाजूला उघडते का, अडचणीत बाहेरून उघडता येते का, भांड्याची उंची पुरेशी आहे का, उठताना धरायला काही आहे का, हे पाहावे. आतली जागा फार अरुंद असते. अंगाने स्थूल माणसाला आत वळता येत नाही. मैल्याची टाकी किती दिवस पुरते आणि ती कोठे रिकामी केली जाते, हेही स्पष्ट विचारावे. ओढ्यात किंवा माळावर ती ओतणारा मालक असेल, तर दुसरी गाडी शोधावी.

दोन गोष्टी सर्वांना बजावून सांगाव्यात. गाडी चालू असताना संडासात जायचे नाही. आणि गाडी चालू असताना पलंगावर झोपायचे नाही. पलंग दिसला की आजोबांना आडवे करण्याचा मोह होतो. परंतु अचानक ब्रेक लागल्यास आडवा माणूस सरळ पुढे फेकला जातो. चालत्या गाडीत सर्वांनी आसनावर, पट्टा बांधूनच बसावे. पलंग हा थांब्यावरच्या विसाव्यासाठी आणि रात्रीसाठी आहे. ज्यांना अर्धा-पाऊण तासही बसवत नाही, त्यांच्यासाठी ही सहल सध्या नाही.

एवढी मोठी गाडी परवडणे सर्वांना शक्य नाही, आणि त्यावाचून अडतेही असे नाही. नेहमीचा टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन मागच्या भागात जाड पडदा लावला, त्यामागे झाकणाची कमोड-खुर्ची बांधून ठेवली, हात धुण्यासाठी नळाचा डबा ठेवला, की तीन-चार कुटुंबीयांचे काम उत्तम चालते. कमोड-खुर्ची पुढे घरीही उपयोगी पडते. रात्रीचा मुक्काम मग लॉजवर किंवा आप्तांकडे करावा. भाडे ठरवताना चालकाचा रात्रभत्ता, पथकर, डिझेल आणि स्वच्छतेचा खर्च त्यात धरला आहे की नाही, हे लेखी घ्यावे.

निघण्याची वेळ आणि वाट

आपल्याकडे लांब निघायचे म्हणजे पहाटे चारला उठायचे, अशी पद्धत आहे. ज्येष्ठांच्या सहलीत ती मोडावी. वृद्धांचे पोट त्यांच्या ठरलेल्या वेळेला साफ होते. ती वेळ चुकली, की दोन-दोन दिवस बद्धकोष्ठ आणि मग जेवण, झोप, मूड सगळेच बिघडते. नेहमीसारखे उठणे, चहा, प्रातर्विधी, अंघोळ, न्याहारी, गोळ्या असे सगळे घरी उरकून नऊच्या सुमारास निघावे.

पाथर्डीहून तिसगाव, करंजी आणि करंजीचा घाट ओलांडून नगर, तेथून सोलापूर रस्त्याने मिरजगाव आणि मग कर्जत असा मार्ग सोयीचा आहे. अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास भरते. तरुण चालक ते तीन तासांत कापतील. आपण पाच-सहा तास धरावेत. पहिला थांबा घाट चढण्यापूर्वी करंजीला घ्यावा आणि दुसरा नगरला, जेवणासह. अंतराने जवळचे आडरस्ते आहेत, परंतु खड्डे आणि वळणे यांचा हिशेब केला तर लांबचा मोठा रस्ता पाठीला स्वस्त पडतो. शिवाय नगरला मोठी रुग्णालये आहेत. अर्ध्या वाटेवर ती असणे हा दिलासा असतो.

बसल्या जागी पायांची हालचाल चालू ठेवावी. दर वीस-पंचवीस मिनिटांनी टाचा टेकवून चवडे वर-खाली करावेत, पोटऱ्या आवळून सोडाव्यात. फार वेळ पाय लोंबकळत राहिले, तर पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकाच पायाला सूज आली आणि पोटरी दुखू लागली, तर तो पाय चोळू नये, डॉक्टरांना दाखवावा. प्रत्येक थांब्यावर उतरण्यापूर्वी मिनिटभर आसनाच्या कडेला बसून, मग उभे राहून, मग पाऊल टाकावे.

शिदोरी घरचीच असावी. दुधात भिजवलेल्या दशम्या, मेतकूट-भात, केळी आणि ताक. दशमी मऊ राहते. कवळी लावणाऱ्यांना चावते. मार्गशीर्ष-पौषात या भागात हुरड्याचे दिवस असतात आणि वाटेत कोठे ना कोठे आगटी पेटलेली दिसतेच. मधुमेह असलेल्या आजोबांना हुरडा नाकारू नये. मूठभर खाऊ द्यावा, गूळ तेवढा राखून. पण तो भरपेट झाला तर जेवण तेवढे कमी करावे. उलट, इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवायला उशीर झाला, तर साखर घसरते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड असे काही दिसले आणि साखर ७० च्या खाली आली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग खायला द्यावे. माणूस पूर्ण शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. तडक रुग्णालय गाठावे.

इन्सुलिनबद्दल गैरसमज बरेच आहेत. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवायची असते. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने सुमारे चार आठवडे साध्या खोलीच्या तापमानात, तीस अंशांच्या आत टिकतात. बर्फाला थेट टेकलेली, गोठलेली कुपी निकामी होते. वितळल्यावर ती चांगली दिसली तरी वापरू नये. गाडीत शीतपेटी नसेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे लहान मडके घ्यावे आणि कुपी कोरड्या डबीत घालून त्यात ठेवावी. काचेखालच्या उन्हाच्या फळीवर औषधे कधीही ठेवू नयेत. सर्व गोळ्या दोन दिवसांऐवजी पाच दिवसांच्या घ्याव्यात, मूळ वेष्टनातच घ्याव्यात आणि अर्ध्या एका पिशवीत, अर्ध्या दुसरीत ठेवाव्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, आधार कार्ड आणि सत्तरीवरील मंडळींचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढलेले असेल तर तेही पिशवीत असावे. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मोठी शस्त्रक्रिया किंवा अस्थिभंग नुकताच होऊन गेला असेल, आडवे झाल्यावर दम लागत असेल, ताप असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीवाचून निघू नये.

माळावर, आणि मग रात्र

कर्जतला पोहोचल्यावर त्या दिवशी अभयारण्याचा मोह टाळावा. आराम, गरम जेवण, लवकर झोप. काळवीट सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि दुपार कलल्यावर मोकळ्यावर चरतात. ज्येष्ठांना पहाटे जाग येतेच. निसर्गाचे आणि त्यांचे वेळापत्रक येथे आपोआप जुळते.

अभयारण्यात रात्री गाडी उभी करता येईल, असे गृहीत धरू नये. प्रवेशाची वेळ, शुल्क, गाडी कोठवर नेता येईल आणि जवळपास मुक्कामाची काय सोय आहे, हे वनविभागाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. काळवीट हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. त्याच्या मागे गाडी घालणे, शिट्ट्या मारणे, खायला टाकणे हे गुन्ह्याच्या वाटेवरचे प्रकार होत. नातवंडांना हे आजोबांनी सांगितले, तर ते अधिक ऐकतात.

पाहणीसाठी मनोऱ्यावर चढण्याचा आग्रह ज्येष्ठांना करू नये. उभ्या, अरुंद पायऱ्या चढताना जमतात. उतरताना गुडघे दगा देतात. परवानगी असेल तेथे गाडी सावलीत उभी करावी, एक खुर्ची बाहेर टाकावी आणि अर्धा-पाऊण तास शांत बसावे. गवतात दडलेले दगड आणि बिळे यांमुळे चालताना काठी हवीच, तिच्या टोकाचे रबर झिजलेले नसावे. पायांत चप्पल नको, मागून बंद असलेला बूट हवा. मधुमेही माणसाच्या तळव्यात काटा रुतला तरी त्याला ते कळत नाही, म्हणून परतल्यावर दोन्ही तळवे उजेडात पाहावेत. श्रवणयंत्र आठवणीने लावावे. तित्तिराची हाक ऐकू आली तर आनंद आहेच, पण मागून ‘थांबा’ म्हटलेले ऐकू येणेही तितकेच महत्त्वाचे.

रात्रीची थंडी हलकी समजू नये. डिसेंबर-जानेवारीत उघड्या माळावरचा पारा पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतो. कानटोपी, पायमोजे आणि घरची गोधडी घ्यावी. घरचीच, कारण तिचा वास ओळखीचा असतो आणि परक्या जागी झोप त्यावर अवलंबून असते. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी पेटवणे हा मात्र जिवावरचा खेळ आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेली माणसे झोपेतच जातात. खिडकीशेजारी जनित्र किंवा गाडीचे इंजिन चालू ठेवून झोपणेही तसेच. स्वयंपाक गाडीबाहेर करावा आणि झोपण्यापूर्वी सिलिंडरचे बटण बंद आहे, हे दोघांनी पाहावे.

विस्मरणाचा आजार असलेल्यांना तिन्हीसांजेला अस्वस्थता वाढते. ‘घरी चला’ असा धोशा लागतो. वाद घालू नये. दिवा लवकर लावावा, हातात रोजची जपमाळ द्यावी, ओळखीचे भजन लावावे. त्यांच्या खिशात नाव आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि दाराला लागून असलेल्या पलंगावर सांभाळणाऱ्याने झोपावे. पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा रात्रभर जळता ठेवावा.

आता सांभाळणाऱ्यांविषयी. सासू-सासऱ्यांच्या सहलीत सुनेने चाकांवरच्या स्वयंपाकघरात तीन वेळा पोळ्या लाटाव्यात, गोळ्या मोजाव्यात आणि रात्री तीनदा उठावे, असे होणार असेल, तर ती सहल नव्हे. घरातलीच पाळी हलत्या जागेत नेलेली असते. चालक सोडून किमान दोन सांभाळणारे असावेत, त्यांतला एक पुरुष असावा आणि रात्र दोघांत वाटलेली असावी. रात्रीचे जेवण कर्जतच्या खानावळीतून साधे, बिनतिखट सांगून आणवावे. कमोड-खुर्चीचे भांडे मुलाने धुवावे. हे लिहिताना मी मुद्दाम मुलाचे नाव घेत आहे.

आणीबाणीसाठी १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असतोच; तो आजी-आजोबांनाही तोंडपाठ असावा. कर्जतला सरकारी रुग्णालय आहे. मुक्कामी पोहोचल्यावर गाडीतून त्याचे दार एकदा पाहून यावे. रात्री दोन वाजता पत्ता शोधत बसण्यापेक्षा ती दहा मिनिटे स्वस्त. ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे, तिची नोंद ठेवावी. तिसरी धास्ती, ‘काही झाले तर’, एवढ्या तयारीने पूर्ण जात नाही, पण हातात धरण्याइतकी लहान होते.

परतीचा दिवस लादू नये. सकाळी काळवीट पाहून झाल्यावर कोणी तरतरीत असेल, तर राशीनला यमाईच्या दर्शनाला जाता येईल; थकवा वाटला तर सरळ आराम करून दुसरा मुक्कामही कर्जतलाच करावा आणि तिसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर निघावे. राशीनची हलती दीपमाळ पाहण्यासाठी आजोबांना वर चढवणे आवश्यक नाही. नातवाला चढवावे, आजोबांनी खालून पाहावे.

घरी आल्यावर पुढचे दोन दिवस मोकळे ठेवावेत. वजन, रक्तदाब आणि साखर पाहावी, पायांवर सूज आहे का ते बघावे, गोळ्यांचे वेळापत्रक पूर्ववत करावे. वहीत थांब्यांच्या नोंदींपुढे आजी-आजोबांकडून एकेक ओळ लिहून घ्यावी: काय जमले, काय नको वाटले. आणि पुढची खेप कोठे, तेही त्यांनाच विचारावे. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे, पाथर्डीहून तेही फार लांब नाही.